शहागडची जळालेली वाकळ

आमच्या कचेरीतले लोक रजा काढून काश्मीरला जातात, दक्षिणेत देवदर्शनाला जातात आणि परत आल्यावर महिनाभर आमचं डोकं खातात. मी रजा काढून जालन्याला आणि तिथून शहागडला जाऊन आलो. "कसा झाला प्रवास?" असं कुणी विचारलं की मी "ऊन फार" एवढंच सांगतो. ऊन होतंच, त्यात खोटं काही नाही. पण तेवढ्यावर सुटून जायची आता लाज वाटायला लागली आहे, म्हणून सगळं लिहून काढतो आहे. ज्यांनी गोदावरीचा तो काठ पाहिलेला नाही त्यांना तो थोडाफार दिसेल. बाकी जे दिसेल त्याला मराठवाडा जबाबदार नाही.

पुण्याहून निघालो आम्ही दोघं, मी आणि माझे मामा. खरं म्हणजे तिघं. तिसऱ्याचं तिकीट काढावं लागलं नाही, कारण तो माझ्या पोटात होता.

त्याची हकिकत आधीच सांगतो. मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढतो. गेल्या थंडीत आमचा मुक्काम घाटात, जंगलाच्या कडेला पडला होता. एका संध्याकाळी मोठ्या साहेबांनी रानडुक्कर मारलं. शिकारीत काळजाचा मान मोठा. ते निखाऱ्यावर नुसतं शेकवायचं आणि आतून लाल असतानाच खायचं, अशी त्या मंडळींची रीत. "पार भाजलेलं म्हातारी माणसं खातात," साहेब म्हणाले. मी काही म्हातारा नव्हतो. मी खाल्लं आणि वर पुन्हा हात पुढे केला. आमच्या साताऱ्याकडच्या घरात डुकराचं नाव काढलं तरी आई चूळ भरते, त्यामुळे घरी चकार शब्द काढला नाही.

थंडी सरली आणि मला भूक लागायला लागली. जेवून हात धुतले की पुन्हा भूक. मग सकाळी शौचाच्या वेळी, कधी अंथरुणातही, पांढरे, चपटे तुकडे दिसायला लागले, काकडीच्या बियांएवढे. त्यातला एखादा हलायचाही. भाच्यासाठी हवंय अशी थाप मारून औषधाच्या दुकानातून पोरांना देतात ते जंताचं औषध आणलं आणि सगळी बाटली पिऊन टाकली. काही फरक पडला नाही. डॉक्टरकडे जायचं तर तो विचारणार, काय खाल्लंत. तेवढ्यात मामांनी स्थळ आणलं, शहागडच्या दादारावांची मुलगी सुमन, जालन्याला मावशीकडे राहून मॅट्रिक झालेली. मी तिशीला टेकलेलो. पोटातल्याला घेऊनच निघालो.

जालना

औरंगाबादपर्यंत एसटी आणि पुढे मीटरगेजची छोटी रेल्वे. जालन्याच्या स्टेशनवर उतरून टांगा केला आणि नदी ओलांडून बाजाराच्या भागात गेलो. या स्थळाचे मध्यस्थ तिथले कापडाचे व्यापारी होते. गल्ली एवढी अरुंद की समोरून सरकीच्या पोत्यांची गाडी आली तेव्हा आमचा टांगा मागे घ्यावा लागला, आणि टांगेवाला, गाडीवाला आणि दुकानातले दोघं असे चौघं मिळून घोड्यालाच समजावत होते. घोड्यानं आपल्या सवडीनं ऐकलं.

पुण्यात पाहुण्याला "चहा घेणार का?" असं विचारतात. इथे विचारायची पद्धतच नाही. बूट काढेपर्यंत ताट आलं. येसराची आमटी मी पहिल्यांदा खाल्ली. धान्य आणि मसाले भाजून केलेलं ते पीठ पाण्यात कालवून उकळतात. काळसर, झणझणीत, नाकातून पाणी काढणारी. तिच्यात ज्वारीची भाकरी कुस्करायची आणि वर कच्चं तेल ओतायचं. मी किती भाकरी खाल्ल्या ते सांगत नाही. वाढणाऱ्या बाई आत जाऊन पुन्हा पीठ मळायला बसल्या, ते मात्र मी ऐकलं.

"शरमायचं काम न्हाई, पाव्हणं," व्यापारी म्हणाले. "बिलकुल पोटभर जेवा. खानारा मानूस दिलाचा साफ आसतो."

मामा खूश झाले. "आमच्या घराण्याचं खाणं असंच. पण सगळं शुद्ध हो! कसलं वंगाळ उंबऱ्याच्या आत येत नाही."

मी खाली मान घालून आमटी भुरकत होतो. पोटातला माझ्या आधी जेवत होता आणि कौतुक मला मिळत होतं.

अंबडचा स्टँड

शहागडची गाडी अंबडहून बदलायची होती. ती यायला उशीर होता. मामा लिंबाखाली टोपी तोंडावर ओढून झोपले आणि डबा माझ्याकडे राहिला. आईनं मुलीकडच्यांसाठी बेसनाचे लाडू दिले होते. मी म्हटलं, एक खावा. पुढचं मला नीट आठवतसुद्धा नाही. शेजारी एक म्हातारे शेतकरी बसले होते, ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी कनवटीची शेंगदाण्याची पुडी सोडून माझ्यापुढे धरली.

"घ्या, लेकरा. दुष्काळात आमचं बी आसंच झाल्तं. दिसंल ते खावं वाटायचं."

दोन वर्षांपूर्वीचा, बाहत्तरचा दुष्काळ त्या माणसानं सरकारी कामावर खडी फोडत काढला होता, आणि त्याला मी भुकेलेला वाटलो. ते दाणे मी घेतले आणि खाल्लेसुद्धा. मामा उठले, डबा हलवून पाहिला, माझ्याकडे पाहिलं. "लगीन ठरायच्या आधीच गोड तोंड केलंस होय रे?" म्हणून हसले आणि स्टँडसमोरून पेढे घेतले. माझं तोंड तेलकट होतं, ते मी बाहीनं पुसलं.

शहागड

अंबडच्या पुढे रान सपाट होतं. ज्वारी निघून गेलेली, काळ्या मातीला भेगा, मधूनच एखादी विहीर आणि तिच्याभोवती हिरवा तुकडा. मग एकदम मोठा रस्ता लागतो, ट्रकांची रांग, चहाच्या टपऱ्या, पंक्चरची दुकानं, आणि त्यांच्यामागे गोदावरी. आमच्याकडच्या नद्या उन्हाळ्यात दगडांच्या होतात, ही वाळूची होते. पात्रात लांबपर्यंत टरबुजांचे वेल पसरलेले. पाणी पलीकडच्या कडेला अंग चोरून वाहत होतं.

दादाराव रस्त्यावर घ्यायला आले होते. उंच, सावकाश बोलणारे, माणूस पाहताक्षणी आवडावा असे. त्यांनी आम्हाला आधी वाळूत नेलं, टरबूज हातानं फोडलं आणि तिथेच उभ्यानं खायला लावलं. संध्याकाळी घरी मटण होतं. ते इतकं शिजवलेलं की हाडापासून आपोआप सुटत होतं. "आमच्या बाईला कच्च्याचं लई भेव," दादाराव म्हणाले. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

झोपायला ओसरीवर अंथरूण होतं. त्यावर नवीकोरी वाकळ घातलेली. गोधडीला इकडे वाकळ म्हणतात. पण ही आमच्या गोधडीसारखी जाडजूड नव्हती. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक, हिरवा, अंजिरी, कडेला जरीच्या काठाची पट्टी, आणि टाके इतके बारीक की बोट फिरवलं तर कणसासारखे लागावेत. सोयरीक जुळवायला आलेल्या पाहुण्यासाठी नवी वाकळ काढायची इकडची पद्धत. सुमनच्या आईची आणि आजीची लुगडी होती ती. शिवली होती गयाबाईंनी. त्या दादारावांच्या शेतात कामाला येत आणि वाकळ शिवण्यात सगळ्या गावात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. लुगडी आपल्या घरी नेऊन त्यांनी ती शिवून आणली होती. हे सगळं दादारावांनी झोपताना कौतुकानं सांगितलं. मी कौतुकानं ऐकलं आणि त्या वाकळीवर झोपलो.

सकाळी उठलो तेव्हा माझ्या शेजारी एक पांढरा तुकडा होता. मी तो चिमटीत धरून ओसरीवरून खाली टाकला, वाकळ घाईघाईनं गुंडाळली आणि तोंड धुवायला गेलो. दुसरा असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

गयाबाई सकाळीच आल्या. अंगणाच्या दोरीवर अंथरुणं उन्हात टाकताना त्यांना तो दिसला. त्यांनी साधेपणानं हाक मारली, "बाई, हे पाहा काय हाय. हालून राह्यलं."

सुमनच्या आई आल्या. वाकून पाहिलं आणि मागं सरल्या. शेजारच्या दोघी-तिघी धावल्या, मग त्यांचे नवरे आले. मी आणि मामा ओसरीवर बशीतून चहा पीत होतो.

"जंत हाय हा. माझ्या नव्या वाकळीत!" सुमनच्या आईंचा आवाज चढला. "तुझ्या घरी व्हती ना ही, गया? तुमच्या घरात काय काय शिजतं ते म्या इचारलं बी न्हाई कधी. पाव्हण्याच्या अंगाखाली ही घान?"

गयाबाई ताठ उभ्या राहिल्या. "बाई, तसलं खानं आम्ही दीक्षा घेतली तवाच सोडलं. माझ्या घरात त्याचा वास बी न्हाई. घरी यिऊन पाहा. डाक्टर आना, माझी, माझ्या सुनेची, सगळ्यायची तपासनी करा. पर आसं बोलू नका."

"डाक्टरचा खर्चा कशाला? दिसतंय की डोळ्यांनी!" शेजारीण म्हणाली.

मामा चहाची बशी खाली ठेवत माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "सवयी जात नाहीत रे यांच्या."

एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या तोंडात चहा होता तो मी गिळला आणि पुन्हा बशी तोंडाला लावली. लाज वाटत होती, पण ती गयाबाईंसाठी नव्हती, माझ्या सोयरिकीसाठी होती. मला वाटत होतं की आत्ता गप्प बसलं तर मिटेल. मिटलं कसं, तर सुमनच्या आईंनी काठीनं ती वाकळ परसात ओढत नेली, तिच्यावर रॉकेल ओतलं आणि काडी लावली. लुगड्यांचे थर आधी धुमसले आणि मग जरीचा काठ एकदम पेटला. गयाबाई धूर निघेपर्यंत थांबल्या. मग फाटकातून निघून गेल्या. उद्यापासून येणार नाही, असा निरोप थोड्या वेळानं आला.

पुण्याला आल्यावर डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते इथेच लिहितो. डुकराच्या मांसात आणि काळजात डोळ्याला चटकन न दिसणारे दाणे असतात. नीट शिजवलं तर ते मरतात. अर्धवट राहिलं तर आपल्या आतड्याला डोकं चिकटवून बसतात आणि तिथे पुरुषभर लांब फीत वाढते. तिचे तुकडे गळतात, तेच मला दिसत होते. वाकळ शिवून कुणाला जंत होत नाही आणि वाकळीतून तो येतही नाही. गोळ्यांनी माझा गेला. डॉक्टर एका शब्दानंही रागावले नाहीत. मी एवढे दिवस ज्याला भीत होतो ते डॉक्टरांच्या टेबलापाशी चहा गार व्हायच्या आत उरकलं.

त्याच दिवशी दुपारी शहागडला पाहण्याचा कार्यक्रम झाला. सुमन आली. निळसर लुगडं, कपाळावर घामाचे बारीक थेंब, नजर खाली पण घाबरलेली नाही. मामांनी नेहमीचे प्रश्न विचारले, स्वयंपाक, शिवण, शाळेत कुठला विषय आवडायचा. तिनं नीट उत्तरं दिली. मला ती आवडली. अगदी सरळ सांगायचं तर मी मनात घर मांडायला सुरुवात केली होती.

दादाराव हसून म्हणाले, "आमची पोरगी शिकल्याली हाय. तिला बी काही इचारायचं आसंल तर इचारू द्या."

"विचार की," मामा म्हणाले. "पगार विचार, जागा विचार."

सुमननं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "त्या वाकळीवर रात्री झोपलं कोन होतं?"

कुणालाच काही कळेना.

"सुमे!" तिची आई दारातून ओरडली.

"न्हाई, आई. सकाळपासून सगळे एकच म्हनून राह्यले, वाकळ शिवली कोन. झोपलं कोन, ते कुनीच न्हाई इचारलं."

मामा ताडकन उठले. "पाहुण्याचा हा अपमान आहे! दादाराव, आमच्या घराण्यात..."

"मामा, बसा," मी म्हणालो. "मी झोपलो होतो. तो जंत माझा आहे. गयाबाईंचा नाही."

मग एकदा तोंड फुटल्यावर मी सगळंच सांगितलं. घाटातला मुक्काम, रानडुक्कर, लाल काळीज, पुन्हा पुढे केलेला हात. डुक्कर हा शब्द उच्चारला तेव्हा मामांनी डोळे मिटून घेतले. सुमनच्या आई मटकन खाली बसल्या आणि परसाच्या दाराकडे बघत राहिल्या. तिथे अजून राख होती, त्यात त्यांच्या आईचंही एक लुगडं होतं.

दादारावांनी एवढंच विचारलं, "मंग सकाळी काहून न्हाई बोलले, पाव्हणं? आम्ही तिला काय काय बोललो, तुमच्यासमोरच."

सुमन उठून आत गेली.

मामांनी पिशव्या भरल्या. माझ्याशी ते बोलत नव्हते, पिशव्यांशी बोलत होते. दादाराव आत जाऊन आले आणि फाटकापाशी माझ्याजवळ उभे राहिले. यजमान म्हणून त्यांना ते सांगणं जड जात होतं हे दिसत होतं.

"सुमन न्हाई म्हनती."

"जंतामुळं?" मी विचारलं.

"जंताला औषीद आसतं म्हनती," दादाराव म्हणाले आणि रस्त्याकडे बघू लागले.

मी त्यांना गयाबाईंचं घर विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही कशाला जाता? म्या बलावून सांगतो तिला बराबर. परसात दोन शब्द बोललं की झालं." क्षणभर मला ते फार बरं वाटलं. परसात दोन शब्द, कुणी ऐकायला नाही. पण गयाबाईंना बोलले ते सगळी आळी गोळा करून बोलले होते. मी म्हणालो, मीच जातो.

गयाबाईंची वस्ती मोठ्या रस्त्याच्या पलीकडे होती. मामा टपरीवर गाडीची वाट बघत बसले, आणि मी ट्रक चुकवत रस्ता ओलांडला. शेणानं सारवलेली अंगणं, मधे लिंबाचा पार, पाराजवळ पंचशीलाचा झेंडा. पारावर दहा-पंधरा माणसं बसली होती आणि ती काय बोलत होती हे मी येताच थांबल्यामुळे कळलं. सकाळची गोष्ट गावभर झाली होती. गयाबाई आपल्या दारात उभ्या होत्या. बाहेर आल्या नाहीत.

मी पारापाशी उभा राहिलो. पाठ केलेली वाक्यं होती, ती सगळी गेली. "गयाबाई," मी म्हणालो, "तो जंत माझ्या पोटातला होता. तुमची काही चूक नव्हती. मला सकाळीच माहीत होतं."

पारावरच्या माणसांनी ऐकलं होतं, कारण एकानं दुसऱ्याकडे पाहिलं. गयाबाई दारातून हलल्या नाहीत.

"हितवर न्हाई आलं ऐकू," त्या म्हणाल्या.

त्यांना ऐकू आलं होतं. त्यांना ते आलं होतं हे मलाही कळलं, आणि मला कळलंय हे त्यांनाही. मी पुन्हा म्हणालो, थोडं मोठ्यानं. घराघरांतून बायका बाहेर आल्या.

"काय खाल्लं व्हतं तुम्ही?" गयाबाईंनी विचारलं.

"डुक्कर," मी म्हणालो. "रानडुकराचं काळीज. कच्चं."

"मोठ्यानं म्हना की, सायब. सकाळी लई मोठ्यानं चाल्लं व्हतं."

मग मी ओरडलो. घराण्याचं, नोकरीचं, मामांचं कशाचंही भान न ठेवता, बाजारात ओरडतात तसा ओरडलो, की जंत माझा होता, डुक्कर मी खाल्लं, तेही कच्चं, गयाबाईंच्या घराचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि हे ठाऊक असून मी ओसरीवर चहा पीत बसलो. रस्त्यावर उभ्या ट्रकमधल्या ड्रायव्हरनं काच खाली केली. पलीकडच्या टपरीवर मामा उभे राहिलेले दिसले.

गयाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आता आलं," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.